चिमट्याची खूण

कोल्हारात त्याला कुणी कॅलिपर म्हणत नसे, चिमटाच म्हणत. आणि अश्विनी म्हणजे ‘चिमटावाल्या बाई’. सुरुवातीला तिने दोन-तीनदा समजावून सांगितलं, की बायांनो, हा चिमटा नव्हे, यानं बाळाच्या कातडीखाली चरबी किती आहे ते मोजतात. बायकांनी ऐकून घेतलं, पदराआड हसून घेतलं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा “आल्या गं चिमटावाल्या बाई” म्हणून आत वर्दी दिली. मग तिनंही नाद सोडला.

काम दिसायला सोपं होतं. नगरच्या एका संस्थेचा अभ्यास चालू होता. आपल्याकडची बाळं जन्मतात किरकोळ, हातपाय काडीसारखे, पण कातडीखाली चरबी मात्र राखून असतात, आणि मोठेपणी त्यांनाच साखरेचा आजार गाठतो, असं काहीतरी तिथल्या मोठ्या लोकांना तपासून पाहायचं होतं. त्यासाठी आठ गावांतली बाळं दर महिन्याला मोजायची. आधी वजन, मग लांबी, मग चिमटा. डाव्या दंडाच्या मागची कातडी दोन बोटांत अलगद उचलायची, तिला चिमटा लावायचा, दोन सेकंद थांबायचं आणि काटा स्थिरावला की आकडा वाचायचा. असं तीनदा. एकानं आकडा बोलायचा, दुसऱ्यानं लिहायचा, आणि लिहिणारा त्या घरातला नसावा, असा नियम होता.

नियम करणाऱ्यांनी हा दुसरा माणूस मात्र कधी दिला नाही. एका हातात रडणारं बाळ, दुसऱ्या हातात चिमटा, मग लिहायचं काय पायानं? तेव्हा जिथं आईला लिहिता येत असेल तिथं अश्विनी आईच्याच हातात कागद द्यायची. सगळ्याच मोजणाऱ्या बायका तसं करायच्या. नगरच्या ऑफिसातल्या केदार सरांना ते ठाऊक होतं आणि ठाऊक नसल्यासारखं दाखवायचंही ठाऊक होतं.

संस्कृतीचं अक्षर सगळ्यांत सुरेख. प्रवरेच्या अंगाला, गावाबाहेरच्या वस्तीवर तिचं घर. बी.ए. झाल्या झाल्या लग्न होऊन आलेली, बावीस वर्षांची पोर. नवरा अमृत शेती बघायचा, सासू छबूबाई घर बघायची आणि सगळ्यांवर नजर ठेवायची. संस्कृतीचा मुलगा पार्थ जन्मला तेव्हा जेमतेम सव्वादोन किलोचा होता. छबूबाईनं तेव्हापासून हाय खाल्ली होती. शेजारच्या बायका बाळ बघायला आल्या की ती त्याला दुपट्यात असा गुंडाळून दाखवायची, की नुसतं तोंड दिसावं. त्यामुळे अश्विनी आली की त्या घराचा जीव काट्यावर असायचा. दुसऱ्या महिन्याला आकडा वाढला, तिसऱ्याला वाढला. संस्कृती तो लिहायची, शेजारी मागच्या महिन्याचा आकडा बघायची आणि पेनाचं टोपण लावता लावता हसायची. अश्विनीला त्या हसण्याची सवय लागली होती. खोटं कशाला बोला, दिवसभर आठ घरं फिरून रडारड ऐकल्यावर माणसाला एखादं हसणारं घर लागतंच.

चौथ्या महिन्याच्या मापाला ती बाभळेश्वरहून स्कूटीवर निघाली. पाटाजवळच्या वळणावर समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रेलर. त्याला वाट द्यायला ती कडेला घेते तो चाक मुरमावरून घसरलं आणि स्कूटी कलंडली. तिला काही लागलं नाही. पिशवी मात्र उडाली, चिमट्याची डबी उघडली आणि चिमटा थेट दगडावर आपटला.

चिमटा परदेशातून मागवलेला होता. हातात देताना केदार सरांनी सगळ्यांसमोर बजावलं होतं, “बायांनो, याला जिवापेक्षा जपा. एक बिघडला तर दुसरा यायला सहा महिने लागतील, आणि ज्याच्या हातून बिघडेल त्यानं मग घरीच बसायचं.” तिनं तो पदरानं पुसला, उघडमीट करून पाहिला. मुठीपाशी एक ओरखडा होता, बाकी दिसायला धड होता. कुणी पाहिलं नव्हतं. तिनं तो डबीत ठेवला आणि कुणाला सांगायचं नाही, असं तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

वस्तीवर पोचली तर संस्कृती कागद-पेन घेऊन तयारच होती. पार्थला वजनकाट्यावर ठेवलं आणि दोघी बघतच राहिल्या. एका महिन्यात सव्वा किलो!

“आता बोला!” छबूबाई म्हणाली. “लई चिंता करत हुत्या ना समद्या? माझ्या हातचं मालीश हाय म्हनलं.” आणि तिनं लगेच पोराच्या कानामागं काजळाचं बोट टेकवलं.

मग अश्विनीनं पार्थचा दंड धरला. खरंच गुबगुबीत लागला. तिनं कातडीची घडी उचलली, चिमटा लावला आणि काट्याकडे पाहिलं. काटा चौदावर होता. तेरावर आला. बारा. दोन सेकंद झाले तरी तो थांबेना, घसरतच राहिला. साडेअकरा, अकरा, आणखी खाली. तिनं पटकन चिमटा काढला. दंडावर चिमट्याच्या दोन्ही टोकांच्या खुणा उमटल्या होत्या, मळलेल्या कणकेत बोट रुतावं तशा खोल. तिनं अंगठ्यानं चोळल्या. त्या भरून येईनात.

तिला वाटलं, स्प्रिंग गेली. आपटल्यामुळं स्प्रिंग बिघडली, चिमटा नको तितका जोरात आवळतोय, म्हणून काटा थांबत नाही आणि म्हणूनच खड्डा पडतोय. हे इतकं चपखल बसलं, की दुसरं काही तिच्या डोक्यातच आलं नाही. पोरगं तर अंगानं भरलेलं समोर दिसत होतं. बिघडलेला होता तो चिमटा, आणि तो तिच्या हातून बिघडला होता.

“बोला ताई,” संस्कृती पेन सरसावून म्हणाली.

अश्विनीनं आणखी दोनदा चिमटा नुसता टेकवल्यासारखा केला. मागचा आकडा तिला आठवत होता. त्यात थोडी भर घालून ती बोलली, “नऊ पॉइंट आठ.” थांबली. “दहा.” पुन्हा थांबली. “नऊ पॉइंट नऊ.” तिन्ही आकडे सारखे आले तर सरांना संशय येतो, एवढं तिला अनुभवानं कळलं होतं.

संस्कृतीनं ते आपल्या सुरेख अक्षरात लिहिले. मग टोपण लावता लावता म्हणाली, “ताई, एक विचारू का? हा सकाळी उठतो ना, तवा डोळे सुजल्यासारखे दिसतात ह्याचे. दुपारपर्यंत उतरतात. मी ह्यांना म्हणत हुते, एकदा नगरला दाखवून आणू.”

“सूज कसली?” छबूबाई आतून म्हणाली. “गाल भरलं तर म्हनं सूज! आमच्या लेकराचं चांगलं झालेलं हिलाच बघवंना.”

“तसं न्हाई हो आई,” संस्कृती म्हणाली आणि अश्विनीकडे वळली. “तुमच्या मापात कळतं ना ताई? चरबी हाय का दुसरं काय हाय ते?”

अश्विनीनं तोवर पार्थच्या झबल्याची बाही खाली ओढली होती, खुणा झाकाव्यात म्हणून. तिला तिथून कधी एकदा बाहेर पडते असं झालं होतं. “वाढलंय गं,” ती म्हणाली. “चांगलं वाढलंय. काळजी करू नकोस.”

एवढं बोलून तिनं डबी बंद केली.

पुढचे दिवस ती दुसऱ्या घरांत भीत भीत मोजत राहिली. संस्थेनं दिलेला ठरावीक जाडीचा लोखंडी ठोकळा चिमट्यात धरून पाहिला, तर आकडा बरोबर आला. पण ठोकळ्यावर स्प्रिंगचा जोर कुठं कळतो? बाळांवर काटा थोडाफार हलायचा, आणि खरं म्हणजे तो पहिल्यापासूनच थोडाफार हलत आला होता, पण भ्यालेल्या माणसाला हललेली प्रत्येक गोष्ट बिघडलेलीच दिसते. खुणा पडू नयेत म्हणून ती दोन सेकंद व्हायच्या आतच चिमटा काढून घ्यायची. म्हणजे कोणत्याच बाळावर तो नीट लावून तिनं पाहिला नाही. एकदा जरी पाहिला असता तरी पुरे होतं.

दहाव्या दिवशी संस्कृतीचा फोन आला. पापण्या आता दिवसभर सुजलेल्या राहतात, दूध कमी पितो, पावलंही फुगल्यासारखी दिसतात. अश्विनी तेव्हा कुणाच्या तरी दारात चप्पल काढत होती. “अगं, एवढं अंग भरलंय तर पावलं भरणारच,” ती म्हणाली. “मी महिन्याच्या मापाला येतेच आहे. तेव्हा बघू.” संस्कृती म्हणाली, “बरं ताई. तुमी म्हणताय तर ठीकच असंल.” तिच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं.

मापाच्या आदल्या दिवशी अश्विनीनं येते म्हणून कळवायला फोन लावला, तर तो अमृतनं उचलला.

“पार्थ गेला, ताई,” तो म्हणाला. “परवा.”

मग त्यानं तुटक तुटक सांगितलं. ताप आला, पोट फुगलं, नगरला नेलं. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडाचा आजार आहे. अंगातलं सत्त्व लघवीवाटे जातं आणि अंगात पाणी साठतं. हे पोर जाड नाही, हे पाण्यानं फुगलेलं आहे. त्यात जंतुसंसर्ग झालेला. “म्हनले, दोन-तीन आठवडं आधी आनला असता तर काही करता आलं असतं. आता आमाला काय म्हाईत, ताई? आमी तर खुशीत हुतो.” मग म्हणाला, “उद्या माप हुतं, न्हाई का?”

फोन ठेवल्यावर अश्विनी बराच वेळ ओट्यावर बसून होती. तिच्या डोळ्यांसमोर तो दंड होता आणि त्यावरच्या त्या दोन खुणा.

दुसऱ्या दिवशी ती नगरला ऑफिसात गेली आणि केदार सरांसमोर डबी ठेवून सगळं सांगितलं. चिमटा पडला ते, आकडे मनानं टाकले ते, संस्कृतीला काय म्हणाली तेही. सरांनी आधी चिमटा उचलला. आतल्या खोलीत नेऊन त्याला वजनं टांगली, स्प्रिंग ताणून पाहिली आणि परत आले.

“याला काहीही झालेलं नाही,” ते म्हणाले. “एकदम ठीक आहे.”

“मग काटा का थांबत नव्हता, सर?”

केदार सरांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता, उत्तर देताना त्यांना तिच्याकडे बघवलं नाही. “अंगात पाणी असलं की दाबल्यावर ते बाजूला सरकत राहतं. काटा घसरतच जातो. चिमटा काढला की खड्डा राहतो. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं आपण.”

सांगितलं होतं. घरी येऊन तिनं ट्रेनिंगची वही काढली. जेवणानंतरच्या तासाला, अर्धवट झोपेत, पण तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: पायावर अंगठा दाबा, खड्डा राहिला तर सूज समजा, लगेच दवाखान्यात पाठवा. पायावर. अंगठा. तिनं ते पायाचं आणि अंगठ्याचं म्हणूनच लक्षात ठेवलं होतं. दंडावर आणि चिमट्यानं पडलेला खड्डा हाही खड्डाच असतो, हे कुणी वेगळं लिहून दिलं नव्हतं, आणि तिला सुचलं नव्हतं. सगळ्या घरात तीच एक होती जिच्या हातात ते पोर बोलत होतं, आणि तिनं बाही खाली ओढली.

निघताना सर म्हणाले होते, “त्या एका भेटीचे आकडे आपण काढून टाकू. इतक्या मुलांत एकानं फरक पडत नाही. चिमटा घेऊन जा. आणि अश्विनी, त्या घरी जाऊन काही बोलू नकोस. त्यांना काय उपयोग?”

चार दिवस तिनं ऐकलं. पाचव्या दिवशी दुपारी ती कोल्हारला गेली. का गेली ते तिचं तिलाही धड सांगता आलं नसतं. माफी मागायची होती म्हणावं, तर माफी मिळावी असं तिला वाटत नव्हतं.

छबूबाई दारातच बसलेली होती. चार महिन्यांत झाली नव्हती एवढी ती आठवड्यात म्हातारी झाली होती. अश्विनीच्या खांद्यावरची पिशवी बघून ती भडकली.

“कशाला आलीस गं? आता काय मोजायचं ऱ्हायलंय? तान्ह्या लेकराला कुनी मोजतं का? म्हयन्याच्या म्हयन्याला आकडं लावून लावून दिष्ट लावली माझ्या पोराला. तुझ्याच चिमट्यानं खाल्लं त्याला!”

“आई, गप बसा,” आतून संस्कृतीचा आवाज आला. ती दारात आली, कोरड्या डोळ्यांची. “ताईंचं काय चुकलं? त्यांना कशाला बोलताय? त्याचं चांगलं बघणारं एकच मानूस हुतं ते.” आणि अश्विनीला म्हणाली, “या ताई, आत या.”

म्हातारीच्या शिव्या सोसल्या असत्या. हे सोसवेना. अश्विनी आत जाऊन सतरंजीवर बसली. संस्कृतीनं पाणी दिलं. कोपऱ्यातली झोळी कुणीतरी सोडून ठेवली होती, आढ्याला नुसता दोर लोंबत होता.

“ताई, मला एक कागद पाहिजे हुता,” संस्कृती म्हणाली. “तो मापाचा, माझ्या अक्षरातला. त्याची झेरॉक्स मिळंल का? फोटो हायेत माझ्याकडं. पण फोटोत काय, तो नुसता बघतोय. त्या कागदावर तो वाढलेला हाय. शेवटचं तर मला पाठच हाय. नऊ पॉइंट आठ, दहा, नऊ पॉइंट नऊ.”

“तो आकडा खोटा आहे, संस्कृती,” अश्विनी म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. ट्रॅक्टर, दगड, घसरणारा काटा, खुणा. काही वगळलं नाही, आणि मध्ये रडलीही नाही, कारण रडायचा हक्क आपल्याला नाही असं तिला वाटत होतं. संस्कृती ऐकत राहिली. दारातून छबूबाईचं पुटपुटणंही बंद झालं होतं.

“मी ह्यांच्याशी भांडले हुते त्या दिवशी सकाळी,” संस्कृती म्हणाली. “नगरला चला म्हणून. हे म्हणाले, आज माप हाय ना, बाई काय म्हणतात बघू, मग जाऊ.”

अश्विनीला वर बघवेना.

“तो चिमटा आणलाय का?”

“आहे.”

“काढा.”

“संस्कृती, नको.”

“काढा ताई. मला लावा.” तिनं ब्लाऊजची बाही वर सरकवली आणि डावा हात पुढं केला. हात पार वाळला होता.

अश्विनीनं डबी उघडली. सवयीनं तिच्या बोटांनी घडी बरोबर उचलली. चिमटा लागला. संस्कृती मान वळवून काट्याकडे बघत मोठ्यानं मोजू लागली. “एक. दोन.” काटा थांबला. ती मोजतच राहिली. “तीन. चार. पाच.” दहा झाले, पंधरा झाले, वीस झाले. काटा जागचा हलला नाही.

“थांबला,” ती म्हणाली.

“हो.”

“त्याचा थांबत नव्हता?”

“नाही.”

“काढा आता.”

अश्विनीनं चिमटा काढला. दंडावर दोन खुणा उमटल्या आणि दोघी बघत होत्या तोवर भरूनही आल्या. कातडी पहिल्यासारखी झाली.

“त्याच्या दंडावर किती वेळ हुत्या?” संस्कृतीनं विचारलं.

“मी निघेपर्यंत होत्या,” अश्विनी म्हणाली. “तुला दिसू नयेत म्हणून मी त्याच्या झबल्याची बाही खाली ओढली होती.”

संस्कृतीनं आपली बाही खाली केली नाही. हात तसाच पुढं धरून, त्या उघड्या दंडाकडे बघत ती बसून राहिली.